मोहाखालची आग

लामता, ४ मार्च २००४

ती. आशाताईस,
संकेतचा सा. न. वि. वि.

घरी सगळे बरे आहेत, फक्त टेकडी जळली. परवा दुपारी आग उठली अन् शेजारच्या प्रेमलालकाकांचा तणसाचा ढीग राख झाला. लोक म्हणतात, लागली असंल आपोआप. मले नाही पटत. काकांनी त्यांच्या पुष्पलतेसाठी आलेलं भोजराजचं स्थळ परत पाठवलं, तेव्हापासून तो बिडी ओढत टेकडीकडंच फिरतो. त्याच्याशिवाय कोण लावणार? मी जंगल खात्याच्या रेंज ऑफिसात त्याचं नाव सांगून आलो. आता त्याले रोज बोलावून बसवून ठेवतात. कॉलेज सोडलं म्हणून मले बिनकामाचा म्हणतेस ना? घे, केलं काम.

भाऊजींस नमस्कार. लोभ असू दे, भाषण नको.

तुझा,
संकेत

बालाघाट, ८ मार्च २००४

चि. संकेतस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग भीती वाटली. राग आगीचा आला की स्थळाचा? त्या दिवशी मोहाखालचा पाला कोणी जाळला, हे विचारलंस का? फुलं वेचताना दिसावीत म्हणून सारेच जाळतात, आईही जाळायची. तेव्हा मावठ्यानं पाला दमट असायचा. फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे, अन् आग झाडाच्या सावलीबाहेर जात नसे. आता मावठा हुकतो, दव पडत नाही. यंदा फेब्रुवारीतच आमच्याकडं पंखे लागले, मोहही होळीआधीच टपकला. हे म्हणतात, हवाच बदलून राह्यली. आग तीच आहे रे, आता आवरत नाही.

विचारून ये. माया आहे म्हणूनच टोचते.

तुझी,
ताई

लामता, १३ मार्च २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू भोजराजची बाजू काहून घेतेस, असा वहिम आला. तुले खोटं पाडाले म्हणूनच विचारत फिरलो. सगळे म्हणाले, आम्ही नाही. पुष्पलतेनं तेवढं खरं सांगतलं.

तिनंच जाळलं होतं. दरसालसारखं भवताल झाडून, विझेपर्यंत बसून. राखेत विस्तव राह्यला अन् दुपारी गरम वाऱ्याची लू सुटली, मार्च लागताच. बापाच्या भीतीनं ती इतके दिवस बोलली नव्हती.

मी तिले सांगतलं, चूपच राह्य, नाव तर भोजराजचं लागलंच आहे. ती म्हणाली, "तुले मालूम झालं, तरी त्याचंच नाव?" अन् सरळ रेंज ऑफिसात गेली. मी मागं मागं. तिनं वळून पाह्यलं नाही.

भोजराज बाहेर आला. वाटलं, मारते आता. पण तो सायकल काढून प्रेमलालकाकांले आणाले गेला. परत आला तेव्हा काका त्याच्या मागं बसले होते. मी फाटकातून बाजूले झालो.

तुझा लोभ तरी राहू दे.

संकेत