आतले चुंबक तेवढे सरकवले

तीर्थरूप मामांस,

यिपिंगचा कमरेत वाकून नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? मामींचे गुडघे? मी ठीक आहे, म्हणजे जेवतोय आणि लाजतोय. तुम्ही फोन उचलत नाही (बरोबरच आहे), म्हणून शेनझेनहून हे पत्र.

नववर्षाच्या जेवणात तुम्ही ग्लास घेऊन माझ्यासमोर उभे राहिलात. म्हणालात, "मी काही विचारत नाही हो. तुमच्या कंपनीच्या नव्या टॅबलेटचं माप तेच असेल तर पी, बदललं असेल तर ग्लास ठेव खाली." मामा, सख्खा मामा ग्लास उंचावून उभा असताना भाचा ग्लास खाली कसा ठेवणार? आईने डोळे वटारले होते. माझा ग्लास तुमच्या ग्लासापेक्षा दोन बोटं खाली धरून मी रिकामा केला. तो निव्वळ मान होता. तुम्ही त्यालाच माप समजलात आणि डोंगग्वानच्या तुमच्या कारखान्यात परतून जुन्या मापाची कव्हरं पाडायला घेतलीत. आमच्याकडे तेव्हा काहीच ठरलं नव्हतं.

ठरतं कसं, ते ऐका (तुम्हाला वाटतं त्यामागे मोठं शास्त्र आहे). विक्रीवाले म्हणाले, आकार बदलला तर महागडा कीबोर्ड घेतलेले लोक आपल्या नावाने बोटं मोडतील. कीबोर्डवाले म्हणाले, नाही बदलला तर आम्ही काय माशा मारायच्या? बॅटरीवाल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी जास्त जागा हवी होती. शेवटी आमचे बॉस लुओ साहेबांनी टॅबलेट बायकोच्या पर्समध्ये घालून पाहिला, पर्स बंद झाली, आणि माप तेच राहिलं. तुमचं नशीब फळफळलंच होतं, तेवढ्यात मी तोंड उघडलं. म्हटलं, बाहेरचं माप तेच ठेवू, आतले चुंबक तेवढे सरकवू. जुनं कव्हर बसेल, पण चिकटणार नाही, म्हणजे नवं घ्यावंच लागेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच मला तुमचं छतापर्यंत भरलेलं गोदाम आठवलं. मामा, मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहाणपण मिरवायच्या नादात सख्ख्या मामाच्या पोटावर पाय दिला. कारखान्याला कुलूप लागलं तर मी कोणत्या तोंडाने घरी येऊ?

तुमचा नालायक भाचा,
यिपिंग

ता. क. पाकीट चिकटवणार तोच बातमी आली. सरकवलेल्या चुंबकांमुळे टॅबलेटला आमचंच पेन चिकटेना. चुंबक परत जुन्या जागी गेले. आमच्या कव्हरवाल्यांनी मात्र जुने साचे उत्साहाने मोडून टाकलेत. कव्हरं भंगारात देऊ नका! सध्या ती फक्त तुमच्याकडे आहेत.

आणखी एक. लुओ साहेब रविवारी त्या कव्हरांच्या सौद्यासाठी तुमच्याकडे येताहेत, सोबत मीही आहे. आपलं नातं कळलं तर माप मीच फोडलं म्हणतील, माझी नोकरी गेलीच. तेव्हा मला ओळख दाखवू नका. मामींनाही सांगा, जिन्यावरून "आला गं बाई माझा डुकऱ्या!" म्हणून हाक मारू नका. ज्या घरात तुम्ही मला लहानाचं मोठं केलंत, तिथे हात धुवायला कुठे जायचं, हे मी परक्यासारखं विचारीन. तुम्ही बोट दाखवा फक्त. माझ्याकडे बघू नका, मला रडू येईल.