बांगड्यांचा भाव

प्रिय सेलेस्ते,

लुसिलियाने तुला फोनवर काय काय सुनावलं ते मला नंतर कळलं. तिनेच मोठ्या फुशारकीने सांगितलं, "चांगली झापली तुझ्या लेकीला! स्वतः लक्झेंबर्गमध्ये मजा मारतेय आणि आई इथे मासळीबाजारात बांगड्यांचा भाव विचारत फिरतेय." तेव्हापासून तुझा फोन नाही. रविवारी मी खुर्ची ओढून फोनजवळ बसले होते. तू रागावलीस ते बरोबरच आहे. पैसे तू न चुकता पाठवतेस आणि ते मला पुरून उरतात. हे लुसिलियाला मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं तेच लिहायला बसले आहे, पण जरा वळसा घेऊन येऊ दे. सरळ वाटेने यायची हिंमत होत नाही.

तुला आठवतं, रेने पहिल्यांदा आपल्या गावात आला तेव्हा तू त्याला पोर्तुगीजमधलं एकच वाक्य शिकवलं होतंस? 'क्वांतु कुश्ता?', केवढ्याला? एवढ्या भांडवलावर जावईबापू ओल्याँवच्या अख्ख्या मासळीबाजारात फिरून आले. दिसेल त्याचा भाव विचारला, तिसऱ्यांचा, माकुळाचा, एका गिऱ्हाईक बाईच्या पिशवीतल्या तिच्या छत्रीचासुद्धा! लुसिलियाने आपल्या ओट्यावर त्याला दामदुपटीने लुबाडलं आणि वर मलाच म्हणाली, "गोड आहे गं पोरगा, रोज पाठव." तुझे बाबा तर हसून हसून खोकायला लागले होते. "हा उपाशी नाही मरायचा," म्हणाले, "पण कंगाल होऊन मरेल." किती हसलो होतो आपण त्या दिवशी. आता त्याची आठवण आली की मला हसू येत नाही.

आपण कुठे कधी भाव विचारतो? लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला बाजारात लुसिलियाच्या आईच्या ओट्यापुढे नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, "ही आमची सून, आता तुमची." झालं. तेव्हापासून जायचं, गुडघ्यांची चौकशी करायची, ती मासे निवडून कागदात बांधणार, आकडा सांगणार, आपण पैसे ठेवायचे. मासे वाईट निघाले तर पुढच्या शनिवारी भांडायचं. पण आधी भाव विचारणं म्हणजे बहिणीच्या घरी पानावर बसून जेवणाचे किती होतील असं विचारण्यासारखं. आईमागून लुसिलिया त्या ओट्यावर बसली, आणि तुझे बाबा गेले तेव्हा पहिल्या आठवड्याचं सगळं जेवण तिच्या घरून आलं होतं. तिला मी भाव विचारला.

तू ऑगस्टात परत गेलीस त्यानंतरचीच गोष्ट. मी ओट्यासमोर उभी राहिले आणि रेनेचं ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं. लुसिलियाचा हात हवेतच राहिला. मग ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाटीवर लिहिलंय, बाईसाहेब. वाचता येतं ना?" बाईसाहेब! मला! पुढच्या शनिवारीही मी तेच केलं आणि काही न घेता पलीकडच्या ओट्यांवर गेले. तिथेही विचारत सुटले. दोन-तीन आठवड्यांत गावभर झालं की एर्मेलिंदा चिक्कू झाली, म्हातारपणी हिला पैशाची हाव सुटली. मी ते होऊ दिलं. खरं सांगते, मला ते सोयीचं वाटलं.

पण लुसिलियाचा राग टिकत नाही, तोच तिचा मोठा दोष. एका संध्याकाळी ती साफ केलेले मासे घेऊन दारात आली, थेट स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, "वेडे, मला सांगायचं होतंस. सेलेस्ते पैसे पाठवत नाही ना?" ती रडत होती गं. मी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. हो म्हणाले. पोटच्या पोरीचं नाव खराब केलं, आणि त्या रात्री तिने आणलेले मासे तळून खाल्लेही. त्याची लाज मला जन्मभर पुरेल, जन्म आता राहिलाय तेवढा.

सेलेस्ते, त्या पहिल्या शनिवारी ओट्यामागे एक बाई बसली होती. ओळखीची आहे एवढं मला समजत होतं, त्यापुढे काही नाही. नाव नाही. मी कशाला आले तेही नाही. ती माझ्याकडे बघून हसत होती, मागे माणसं खोळंबली होती. भाव मात्र कुणालाही विचारता येतो, त्याला ओळख लागत नाही. नाव परत आलं ते मी पुलापर्यंत पोचल्यावर. तुझ्या लेयाला आजीचं वाढदिवसाचं कार्ड दोनदा आलं म्हणून तू हसलीस ना, तेही तसंच झालं. डॉक्टरांकडे मी एकटीच जाऊन आले. माझ्या आईला झालं होतं तेच आहे. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. मी तिच्या शेजारी बसून तिला भरवायचे आणि ती मला विचारायची, "बाई, माझी मुलगी कधी येणार हो?" गल्लीतली पोरं तिच्या नकला करायची. म्हणून मी कंजूष व्हायचं ठरवलं. कंजूष बाईला लोक शिव्या देतात, पण तिच्याशी बोलताना आवाज चढवून एकेक शब्द सुटा करत नाहीत.

लुसिलियाला उद्या मी स्वतः सांगणार आहे, तुझ्यावरचा डाग मी लावला, मीच पुसेन. तुझ्याकडे मागणं एकच आहे. राग असू दे, तो घेऊन ये, पण या नाताळला ये. नेहमीसारखी ऑगस्टची वाट बघू नकोस. नाताळला दार उघडून तुला नावाने हाक मारीन, एवढी खात्री मी देऊ शकते. ऑगस्टची देववत नाही.

अजून तरी तुझीच,
आई