शंका फळ्यावर लिहा

झिंडेलफिंगेन,
रविवार, १७ नोव्हेंबर २०१९

तीर्थरूप अण्णांना स्वरूपाचा साष्टांग नमस्कार.

जर्मनीहून पाकीट आलं म्हणून घाबरून जाऊ नका. आम्ही तिघंही धडधाकट आहोत. प्रणवला सर्दी आहे, पण ती त्याला ऑक्टोबर ते एप्रिल असतेच. ईप्सितानं शाळेत कागदाचा कंदील केला आणि वर्गातल्या पोरांबरोबर तो घेऊन गाणी म्हणत गल्लीभर फिरली. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. तिला तुमच्यासारखं गणित आवडतं आणि तुमच्यासारखाच भेंडीचा तिटकारा आहे. आज रविवार, म्हणजे इथे सगळं बंद. वॉशिंग मशीनसुद्धा लावायचं नाही, नाहीतर खालचे आजोबा जिन्यात चिठ्ठी चिकटवतात. म्हणून पत्र लिहायला बसले.

ते "म्हणून" काही तितकंसं खरं नाही. परवा आई प्रणवला फोनवर म्हणाली, "तिचे अण्णा म्हणतात, पोरगी मोठी झाली तिकडं जाऊन, आता आमच्याशी बोलायला दर वेळी जावयाला पुढं करते." प्रणवनं जेवताना ते मला जसंच्या तसं सांगितलं. आधी मला हसू आलं, मग मी ताट बाजूला सारलं. कारण अण्णा, तुमच्याबद्दल मी प्रणवला इतकी वर्षं हेच सांगत आले आहे. मी फोन करावा आणि तुम्ही "हं, हं, ठीक. आईकडे देतो" म्हणून मोकळं व्हावं. मला वाटायचं, मी इकडे आले याची तुमच्या मनात अढी आहे. म्हणजे तुम्ही माझ्यावर रुसलेले आणि मी तुमच्यावर. हे मला संपवायचंय. मला तुमच्याशी पुन्हा बोलायचंय, आईच्या मार्फत नाही, थेट तुमच्याशी.

ते कसं जमवायचं हे सांगण्याआधी तुम्हाला जरा माझ्या ऑफिसात नेते. तुम्ही फलटणभर सांगता की पोरगी गाड्या बनवते. खरं तर गाडीच्या दाराला काळं रबर असतं ना, पाऊस-वारा आत येऊ नये म्हणून, ते आमची कंपनी करते आणि मी ते तपासते. बर्फासारख्या गार खोलीत दार उघडायचं, आपटायचं, पुन्हा उघडायचं. घरी दार आपटलं की तुम्ही रागवायचात, इथे त्याचा पगार मिळतो.

पूर्वी या कामाचा नुसता पसारा होता. आकड्यांचा तक्ता एका फाइलमध्ये, फोटो दुसऱ्या ठिकाणी, मीटिंगचं टिपण तिसरीकडे. एकच फाइल प्रत्येकाकडे वेगळी, आणि नावं काय, तर "शेवटची", "नवी शेवटची", "हीच खरी शेवटची". मागच्या वर्षी कंपनीनं एक नवी सोय आणली. इंटरनेटवर एकच पान. लिखाण त्यावरच, आकडेमोडीचा तक्ता त्यावरच, फोटो, कुणी काय करायचं त्याची यादी, सगळं एका जागी. आणि सगळ्यांनी एकाच वेळी त्यावर लिहायचं. मी इथे चाचणीचा आकडा भरला की न्युरेम्बर्गच्या ऑफिसातल्या माणसाला तो लगेच दिसतो आणि खालची बेरीज आपली आपण बदलते. कोण कुठे लिहितंय ते नाव लावलेल्या रंगीत काडीवरून कळतं. समोरचा लिहायला लागला की अक्षर न अक्षर उमटताना दिसतं, खोडलेलंसुद्धा.

पहिल्या दिवशी ते बघून मला काय आठवलं असेल? तुमच्या वर्गातला फळा. आठवी ब. उजव्या कोपऱ्यात तुम्ही शंकांची चौकट आखून ठेवायचात. "तोंडी विचारायचं नाही. पुढे या, शंका फळ्यावर लिहा." मग आम्ही तिघं-चौघं खडू घेऊन दाटीवाटीनं लिहायचो आणि बाकीचा वर्ग वाचायचा. तुमची मुलगी म्हणून मला त्यातून सूट नव्हती. तेव्हा मला ती नुसती गोड आठवण वाटली. त्यात आणखी काही असेल असं मनातही आलं नाही.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. हे नवं पान येण्याआधी ऑफिसात माझं बरं चाललेलं नव्हतं. आईला सांगितलं नाही, प्रणवलाही अर्धंच सांगितलं. मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलायला लागले की मी सरळ "गेनाऊ" म्हणायची. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. या एका शब्दावर जर्मनीत माणसाचं पुष्कळ निभावतं. माझंही निभावलं, पण एकदा टीमलीडरनी विचारलं की नवे नमुने या आठवड्यात गार खोलीत लावशील ना, आणि मी गेनाऊ म्हणून मोकळी झाले. नमुने लावलेच नाहीत, कारण मला काही विचारलंय हेच मला कळलं नव्हतं. ज्यांच्या गाड्यांचं ते काम होतं ती माणसं बघायला आली, तर खोली रिकामी. टीमलीडर ओरडले नाहीत. त्यांनी मला समोर बसवून सावकाश सांगितलं, तुझं जर्मन कमी पडत असेल तर आपण मीटिंगा नसलेलं काम शोधू. मीटिंगा नसलेलं काम म्हणजे तळघरात नमुन्यांना नंबर चिकटवत बसायचं. मी म्हटलं, हो, जर्मनच कच्चं आहे माझं. आणि पुन्हा संध्याकाळच्या जर्मनच्या क्लासला नाव घातलं. तिथल्या बाई म्हणाल्या, तुला सगळं येतंय, तू इथे कशाला आलीस?

जर्मन कच्चं नव्हतं, अण्णा. मला ऐकू येत नव्हतं.

हे वाक्य लिहायचं मी मघापासून टाळत होते. ईप्सिता झाल्यानंतर हळूहळू सुरू झालं ते. आधी फोनवरचं जायला लागलं, मग मागून कुणी हाक मारली तर कळेना. आईचा फोन आला की मी भाजीला हात लागलेत म्हणून तो प्रणवकडे द्यायची. आमच्या घरी इतकी भाजी होत नाही, हे आईच्या अजून लक्षात आलेलं नाही.

माझी ही लबाडी पकडली फ्राऊ ब्रेन्नर यांनी. आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ, या डिसेंबरात निवृत्त होतील. मीटिंगचं टिपण, इथे त्याला प्रोटोकोल म्हणतात, ते त्यांच्याकडे असायचं. जर्मन माणूस एक वेळ जेवण चुकवेल, पण प्रोटोकोल चुकवणार नाही. पूर्वी दुसऱ्या दिवशी चार ओळी यायच्या, काय ठरलं आणि कुणी करायचं. नवं पान आल्यावर बाई मीटिंग चालू असतानाच लिहायला लागल्या, आणि सगळं लिहायला लागल्या. कोण काय म्हणालं ते तर खरंच, पण "युर्गेन म्हणतो खिडकी लावा, मान अवघडली", तेही. युर्गेनच्या सासूबाई सुट्टीत त्याच्या गाडीतच राहायला आल्या तो विनोद, तोही. मी माझ्या लॅपटॉपवर वाचत होते आणि सगळ्यांबरोबर हसत होते. टीमलीडर वैतागून म्हणाले, प्रोटोकोलमध्ये विनोद कशाला? बाईंनी मान वर केली नाही. "मीटिंगमध्ये झाला ना? मग येणार." आणि हे दोघांचं बोलणंही त्यांनी लिहून टाकलं. नाहीतर मला तरी कुठून कळणार होतं?

मी त्यांना चहाच्या खोलीत गाठलं आणि तेच विचारलं, विनोद कशाला लिहिता? त्या माझ्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाल्या, "कामाचं तुला दुसऱ्या दिवशीही वाचता येतं. हसणं दुसऱ्या दिवशी येत नाही. तू नेहमी सगळ्यांच्या मागून हसायचीस." मग म्हणाल्या, "माझी आई अशीच मान डोलवायची. आम्हाला वाटायचं, तिला आमच्यात रसच नाही." मी तिथेच कप हातात धरून रडले. बाईंनी माझ्या हातातला कप घेतला, धुतला आणि कानाच्या डॉक्टरांची वेळही स्वतः फोन करून घेतली. अशी माणसं भेटायला नशीब लागतं. त्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही. एक मात्र आहे, ते सगळे विनोद वाचून मला कळलं की इतकी वर्षं फारसं काही हुकलेलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का हे? मी ठासून सांगितलं, नाही.

परतीच्या बसमध्ये बसले आणि सगळं एकामागून एक पुढे यायला लागलं. लग्नाकार्यात तुम्ही कायम भिंतीला पाठ लावून बसता. कुणाला बोलू देत नाही, स्वतःच बोलत सुटता. आई त्याला टकळी म्हणते. मला आता ठाऊक आहे की आपण बोलत राहिलं की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही. विनोद झाला की आधी आईच्या तोंडाकडे बघता. मुख्याध्यापकांशी पटेना म्हणून मुदतीआधी शाळा सोडलीत. "हं, हं, ठीक. आईकडे देतो." आणि ती फळ्यावरची चौकट. आम्ही तिला शिस्त समजत होतो. मागच्या बाकावरची पोरं काय विचारतात ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं, म्हणून तुम्ही सगळ्या वर्गाला लिहायला लावलंत ना, अण्णा?

चुकत असेन तर माझा कान पिळा, तसाही तो आता नावापुरताच आहे. पण मला नाही वाटत मी चुकतेय. खाण तशी माती. आपण दोघं फोनच्या दोन टोकांना बसून एकच सोंग करत होतो, आणि मधल्यामध्ये आई आणि प्रणव बोलून बोलून दमले.

आता एक राहिलंय. मुंबईच्या विमानतळावर काचेच्या दारापाशी, मागे ती सगळी गर्दी, मी तुम्हाला विचारलं होतं, "अण्णा, मी जाऊ ना? नको म्हणालात तर राहते." तुम्ही हसून म्हणालात, "हो हो, छान, छान." एवढंच. मी आत गेले आणि विमान सुटेपर्यंत रडले, की यांना माझं काहीच वाटत नाही. ते "छान, छान" मी इतकी वर्षं मनात धरून ठेवलं होतं. त्या बसमध्ये ते सुटलं. तुम्ही ऐकलंच नव्हतं. आणि बरं झालं ऐकलं नाहीत. ऐकलं असतं तर तुम्ही "चल घरी" म्हणाला असतात, मी बॅग उचलून आले असते आणि आपण जन्मभर एकमेकांना दोष देत बसलो असतो.

मी रागावलेली नाही. उलट तुमचे आभार मानायला हे पत्र आहे. नीट शंका लिहायला तुम्ही शिकवलंत. आमच्या पानावर माझे प्रश्न सगळ्यांत सुटसुटीत असतात, हे टीमलीडरसुद्धा म्हणतात. मी खरं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, आधी का नाही बोललीस. मीटिंग गालिचा घातलेल्या खोलीत हलवली, आवाज कमी घुमतो म्हणून. फ्राऊ ब्रेन्नर गेल्यावर सगळे पाळीपाळीनं लिहिणार आहेत, विनोदांसकट. तळघराचं नाव कुणी काढत नाही.

मी कानात यंत्रं लावली आहेत. रंग ईप्सितानं निवडला, जांभळा. लावली त्या दिवशी संध्याकाळी ती चित्र काढत बसली होती आणि स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती. मराठीत. "आता हत्तीला पाणी पाज, दमला बिचारा." मला उत्तरं जर्मनमध्ये देते आणि हत्तीशी मराठी बोलते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. तुम्हीही यंत्र लावा असं मी म्हणणार नाही. तुमचा हट्ट मला ठाऊक आहे. फक्त मनात असू द्या.

फोनवर मात्र यंत्र लावूनही मला अजून तुटक तुटकच ऐकू येतं. म्हणून आपल्या दोघांसाठी मी एक पान केलं आहे, ऑफिसात आहे तसंच. शिष्यवृत्तीच्या मुलांसाठी तुम्ही कॉम्प्युटरवर मराठीत प्रश्नपत्रिका टाइप करता, म्हणजे तुम्हाला काही नवं शिकायचं नाही. तुमच्या मेलवर माझ्या नावानं एक लिंक आलेली असेल. जाहिरात समजून पुसली असेल तर आईच्या फोनवरून मला नुसतं "पुन्हा" एवढं लिहून पाठवा. रविवारी तुमचा दुपारचा चहा झाला की ते पान उघडा, इथे तेव्हा सकाळ असते. मी लिहीन, ते तुम्हाला तिथे उमटताना दिसेल. तुम्ही लिहाल, मी वाचेन. दोघांपैकी कुणालाही "हं, हं" म्हणायची गरज नाही. आईला हे पत्र दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. म्हणून तर फोनवर न पाठवता कागदावर लिहिलं, फोनवरचं ती सगळ्या वाड्यावस्तीला वाचून दाखवते.

पानाच्या उजव्या कोपऱ्यात मी एक चौकट आखली आहे. त्यात पहिली शंका लिहून ठेवली आहे. आजवर ती मी फोनवर जेव्हा जेव्हा विचारली, तेव्हा तिचं उत्तर आईनं दिलं: "अण्णा, तुम्ही कसे आहात?" खाली जागा मोकळी सोडली आहे.

तुम्ही लिहायला लागेपर्यंत फळ्यापाशी उभी असलेली,
तुमची
स्वरूपा