ब्राह्मणपाऱ्यातले खड्डे

बुधवार, संध्याकाळ

आज पुन्हा बायकोला, सुमनला, ऑटोतून मणक्याच्या उपचाराला नेलं. खड्ड्यांकडे तिचं लक्ष जाऊ नये म्हणून शाळेतली कविता म्हणत होतो, पण दर खड्ड्याला ओळ तुटायची आणि ती कण्हायची. पेट्रोलवर कर घेतात तो रस्त्यासाठीच ना, मी विचारलं. ऑटोवाला हसला. "दादाजी, टॅक्स पुराना रायपुर देता है, सड़क नया रायपुर में बनती है!" रायपूर राजधानी झालं तेव्हा ब्राह्मणपाऱ्यातल्या याच गल्लीत मी पेढे वाटले होते.

घरी येताच सुमन म्हणाली, "मले आता नका नेऊ." उपचार थांबले तर पाय जातील, तिलाही ठाऊक आहे. मग काहून असं बोलते? काय करू मी?

"कविता घरीच म्हणा," सुमन म्हणाली. "इथं ओळ तुटत नाही."

म्हणायला बसलो. पहिल्याच ओळीला आवाज तुटला.