नसरीनच्या नावापुढची खूण

१२ जानेवारी, सोमवार
टाकली एकदाची नवी आवृत्ती. चार महिने लोक मागं लागले होते. माहिती बांधून फाइलीत ठेवायची, लागेल तेव्हा जशीच्या तशी सोडवून द्यायची, एवढंच तर काम आमच्या ‘गाठोडं’ या सॉफ्टवेअरचं. तरी जीव खातं. फुकट वापरणारे तर असे ओरडतात की जणू मी त्यांच्या घरी कामाला आहे.
आमच्या दोघींचा नियम आहे. मी नवं बांधायचं, नसरीननं तिच्याकडच्या जुन्या फाइली उघडून बघायच्या, मग यादीत दोघींच्या नावापुढं खूण आणि मगच आवृत्ती बाहेर. न. वाळूजला कंपनीत सेकंड शिफ्टला, फोन आत नेता येत नाही. तिची खूण मीच करून टाकली. बदल एवढासाच होता. उद्या सांगते तिला.

१३ जाने.
नाही सांगितलं. तिचाच फोन आला, टाकलं का गं म्हणून. हो म्हणाले. मग बोलणं तिच्या अम्मीच्या गुडघ्यांवर गेलं ते तिथंच राहिलं.

१७ जाने., शनिवार
कदम सरांच्या कम्प्युटरवर गारखेड्यातून, घरबसल्या नवी आवृत्ती बसवली. ते देवगाव रंगारीला. फोनवर म्हणत होते, चाललंय की बरं, कशाला हात लावते. मी म्हटलं, सर, जुनं ठेवू नये. शाळेत भूगोल शिकवायचे ते मला, आता मी त्यांना शिकवते. लई शहाणी!

१९ जाने., सोमवार
सरांचा फोन. निवृत्त झाल्यापासून ते गावातल्या विहिरी मोजतात. गाठी मारलेली दोरी सोडायची, पाणी किती खोल ते लिहायचं, शेजारी टीप. टिपा काकू सांगायच्या, सर लिहायचे. काकू गेल्या वर्षी गेल्या.
आकडे दिसतात, म्हणाले, पण टिपा कुठंच नाहीत. आणि मग, “सुवर्णे, माझंच बोट कुठंतरी लागलं असंल बघ. डोळ्यांनी दिसत नाय आताशा.”
बघते सर, म्हणाले.

२० जाने.
सापडलं. गाठोड्यात प्रत्येक रकान्याला एक क्रमांक असतो. एकदा दिला की मरेपर्यंत बदलायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. हे मी चार ठिकाणी भाषणात सांगितलंय, टाळ्या घेतल्यात. नव्या आवृत्तीत मला सात नंबर रिकामा वाटला म्हणून दुसऱ्याच कामाला लावला. सात नंबर म्हणजे सरांच्या टिपा. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांच्यासाठी वाढवलेला. कुठं लिहून ठेवला नव्हता.
नव्या आवृत्तीनं फाइल उघडली, टिपा तिला कळल्याच नाहीत, सरांनी त्या दिवसाचं पाणी लिहून जतन केलं, ते टिपांशिवायच. संपलं. पेनड्राइव्हवरची प्रत रोज संध्याकाळी आपोआप बदलते, तीही मीच लावून दिलेली सोय.
सरांना अजून फोन केलेला नाही.

२१ जाने.
केला. विचारलं, सर, पूर्वीच्या वह्या? म्हणाले, “तूच म्हणली ना, सगळं कम्प्युटरात आलंय, आता धूळ कशाला. दिल्या की रद्दीत.”
व्हय. मीच म्हटलं होतं. काकू तेव्हा दारात उभ्या होत्या, असू द्या की कोपऱ्यात, म्हणत होत्या. मी हसले होते.
आज डबा तसाच परत आणला.

२२ जाने.
आंघोळ करताना आठवलं. सात नंबर केला तेव्हा तपासायला म्हणून सरांची फाइल नसरीनला दिली होती. खासगी, म्हणून सगळ्यांना दिसणाऱ्या नमुना फाइलींत नाही, फक्त तिच्या लॅपटॉपवर. म्हणजे टिपा आहेत! निदान तोपर्यंतच्या.
आणि म्हणजे न. नं त्या दिवशी फाइली उघडल्या असत्या तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. मी खूण केली नसती तर
जाऊ दे.

२३ जाने., शुक्रवार
न.ला फोन केला. सरांच्या टिपा गेल्या, तुझ्याकडची फाइल दे, एवढंच बोलले. तिनं पाच मिनिटांत पाठवली. मग तिचा परत फोन. यादी बघितली होती तिनं.
“खूण तो मेरीच है. मेरेकू याद नई आरा, सुवर्णा. शिफ्टमध्ये डोकं ठिकाणावर नसतं. बघितलंच नसंल मी नीट.”
तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य होतं फक्त. मी म्हणाले, होतं गं असं. होतं गं असं! शी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

२४ जाने.
फाइल जुन्या आवृत्तीत उघडली. सगळ्या टिपा छापून घेतल्या. ‘शिंद्यांची विहीर. हिला पाणी कडू लागलं, मला नाही.’ ‘आज बेडकं लई. ही म्हणते, मोजू नका, परत चला.’ काकूंचा शेवटचा काळ यात नाही. तो कुठंच नाही.

२८ जाने.
न. म्हणते रविवारी सुट्टी आहे, मी पण येते देवगावला, सरांची माफी मागते. नको म्हटलं तर म्हणाली, चूक माझी आणि तोंड तू दाखवणार होय? अम्मीलाही सांगितलंय तिनं. सांगता सांगता रडली म्हणे.
मी काय माणूस आहे.

१ फेब्रु., रविवार
न.च्या स्कूटीवर गेलो. ती सगळ्या रस्त्यानं बोलत होती, सर रागीट आहेत का, काय म्हणू, कसं म्हणू. मी मागं बसून कागदांची पिशवी धरलेली.
सरांनी चहा केला. कागद घेतले, पहिलं पान वाचलं, पुढचं उलटलंच नाही, त्यावर हात ठेवून बसले. न. उठली. सर, माझ्यामुळं, असं काहीतरी सुरू केलं तिनं आणि वाकायला लागली. मी तिचा दंड धरला.
“तिनं काही केलं नाही, सर. तिच्या नावाची खूण मी केली. तिला न विचारता. आणि तुमचं बोटबिट काही लागलं नव्हतं.”
न. नं माझ्याकडं बघितलं. दंड सोडवून घेतला आणि ओसरीवर जाऊन चपला घालायला लागली.
सरांनी कागद नीट एकावर एक लावले. मग म्हणाले, “राहिलेल्या टिपा मला आठवतील तशा सांगतो. विहिरीवर उभं राहिलं की आठवतात. तू येशील लिहून घ्यायला?” येईन म्हणाले. माफ केलं असं सर म्हणाले नाहीत. मी मागितलीही नाही, लाज वाटली.
परतताना न. नं मला गारखेड्याला सोडलं, हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

८ फेब्रु., रविवार
सरांबरोबर तीन विहिरी. दोरी मी धरली. वहीत लिहिलं, शाईनं.

१० फेब्रु., मंगळवार
दुरुस्तीची आवृत्ती तयार. सात नंबर परत टिपांना. काय झालं, कुणी केलं, ते माझ्या नावानं सगळं लिहिलंय. न.ला तपासायला पाठवून चार दिवस झाले. तिनं उघडून बघितल्याचं दिसतं, उत्तर नाही. लोक ओरडतायत, कधी टाकणार, कधी टाकणार.
माझी खूण झाली आहे. तिच्या नावापुढं रिकामं आहे. राहू दे.