बाबाच्या पाईनची कुंडी

बाबा, लिवण्यात चुका होतीन, माफ करा. नववीतच शाळा सोडली, अन मोबाईलवर एक एक अक्षर शोधावं लागते, म्हून टाईम लागून राहिला.

तुमी पचमढीहून आणलेलं पाईनचं झाड मी काल निळ्या कुंडीतून काढलं. मी सहा वर्साची असीन, एक फांदी वाकवून पाहून राहिली होती, तवा तुमी म्हटलं होतं, "माह्या झाडाले हात लावशीन तं याद राख." तुमी गेल्यावर कोणीच लावला नाई. आई तेवढी रोज तुळशीसंगं त्यालेबी तांब्याभर पाणी घालते, खोडाले कुंकू लावते. पाईनले इतकं पाणी चालत नाई, हे मी अड्याळच्या नर्सरीत कामाले लागली तवा शिकली. आईले सांगतलं तं म्हणे, "तुह्या बापाच्या झाडाले उपाशी ठेवू का?"

यंदा सुया पिवळ्या पडल्या. काल कुंडी उलटी केली तं कुबट वास, अर्ध्या मुळ्या काळ्या. सडक्या कापल्या, चांगल्याईले चिकटलेली जुनी माती राहू देली, अन नर्सरीतून आणलेल्या खडबडीत मातीच्या कुंडीत लावलं. बुडाले मोठी भोकं हायेत तिच्या. आई दारात उभी होती.

"निळी कुंडी तुह्या बापानं हौसेनं घेतली होती. उद्या भितीवरचा त्याचा फोटोबी बदलशीन."

"फोटोले मुळ्या नसते, आई."

मी कोणाले उलटून बोलत नाई, तुमाले माहीत हाये. काल बोलली. तवापासून आई माह्याशी बोलत नाई.

तुमची चकचकीत कुंडी त्या भेगाळ खोडाले शोभतबी नव्हती. फांद्या तुमी साऱ्याच वाढू देल्या, खालच्या उन्हाविना वाळल्या. दोन कापल्या. वरच्याईले तार गुंडाळून खाली वाकवलं, तुमी मागावर सुताची कांडी भराले शिकवली तसा ताण सारखा ठेवून. आता मधातून उजेड दिसते. मेलं तं माह्या हातानं मेलं म्हणीन. जगलं तं आता ते माहं हाये, तुमचं नाई.

तुमच्या नंबरवर दुसऱ्याच कोणाचा फोटो दिसते, म्हून हे पाठवत नाई. अन एक फांदी वाकवता वाकवता मोडली. आईले सांगतलं का ते पयलेच वाळली होती. हिरवी होती, बाबा.

आत्याच्या पोरीचं लगन जमलं, मोहाडीले देऊन राहिले.