नारिंगी उपरणं

तांग, बुमथांग
१२ मार्च

चिरंजीव जुर्मीस,
आईचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. बर्फ वितळलं, वाट मोकळी झाली, तांबडी गाय व्याली. तू पंतप्रधान झाल्यापासून मला कुणी रांगेत उभंच राहू देत नाही. दळायला गेले तरी "आधी तुमचं" म्हणतात. मी वरवर नको नको म्हणते, पण अंगावर मूठभर मांस चढतं.

शुक्रवारी तू गावच्या स्वागताला येणार म्हणून कुट्टूचं पीठ काढून ठेवलंय.

तुझ्या कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला होता. "वडिलांना घरातच बसवा, म्हणजे त्यांना लोकांसमोर वाकावं लागणार नाही." मी हो म्हटलं, आणि तुझ्या आपांना सांगितलंच नाही. सांगणार कसं? शपथविधीनंतर थिंपूत ते रीतीप्रमाणे आपलं रयतेचं पांढरं उपरणं खांद्यावरून खाली सोडून तुझ्यापुढे वाकायला लागले, आणि तू चारचौघांत त्यांचे हात धरून उठवलंस. टीव्हीवाल्यांनी तुझं कौतुक केलं. आपा मात्र परतीच्या वाटेवर त्रोंग्साला चहा घेताना म्हणाले, "हा मला तिथेही बापच समजला."

"मग काय समजायचं?"

"बाप घरात. तिथे मी रयत. राजांनी स्वतःच्या हातांनी त्याच्या खांद्यावर नारिंगी उपरणं घातलं, त्या उपरण्याला वाकत होतो मी. आपल्या घरात असा मान पहिल्यांदा आला, आणि पोरानंच आडवा हात घातला."

ते फोनवर येत नाहीत म्हणून तुला वाटतं, रागावलेत. रागावले नाहीत रे. तू पुन्हा अडवशील या धास्तीत आहेत. दुखऱ्या गुडघ्यानं रोज गोठ्यामागे वाकायचा सराव चालतो. परवा शेजारच्या दोफूनं विचारलं, "काका, काय हरवलं?"

"सुई," म्हणाले.

तर साहेबांना सांग, आपा सगळ्यांच्या पुढे उभे राहतील. त्यांनी उपरणं सोडलं की तू हलायचं नाहीस. हात पुढे जातील, आवरून धर. एवढं मोठं पद घेतलंस, त्यात हेही आलं. ते पूर्ण वाकून आपले आपण उठेपर्यंत ताठ उभा राहा. नंतर घरात ये, उपरणं काढून चुलीशी बस. तिथे ते तुला लाकडं फोडायला पिटाळतील, मी मध्ये पडणार नाही.

त्यांच्या शेजारी मीही असेन. माझी कंबर धरलीय, पण मलाही अडवायचं नाही.

पंतप्रधानसाहेबांना मुजरा,
माझ्या जुर्मीला मुका.

आई